दयेच्या अर्जात आपण काय मागतो?

एखाद्या कैद्याच्या फाशीची तारीख जाहीर होते आणि थोड्याच दिवसांत कुठेतरी एक कागद फिरू लागतो. त्यावर चार ओळींचा मजकूर असतो, खाली सह्यांसाठी जागा असते. ही शिक्षा अंमलात आणू नये, अशी विनंती राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना केलेली असते. असा कागद कधी कधी चर्चच्या दारापाशीही येतो. मिस्सा आटोपून बाहेर पडणारी मंडळी तो वाचतात. काही सही करतात, काही कागद जागच्या जागी ठेवून निघून जातात आणि एखादा गृहस्थ थांबून विचारतो, "फादर, तुमच्या घरातलं कुणी मारलं गेलं असतं, तर तुम्ही सही केली असती का?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही आणि अज्ञानाचाही नाही. त्याला बहुधा जी उत्तरे दिली जातात ती मात्र त्याची उत्तरे नसतात. न्यायालयाच्या हातून चूक होऊ शकते. फाशीच्या धाकाने खून कमी होतात हे कुठे सिद्ध झालेले नाही. चांगला वकील करण्याची ऐपत नसलेलाच बहुधा दोरापर्यंत पोहोचतो. ही तीन उत्तरे आपण नेहमी ऐकतो. ती खरी आहेत, वजनदारही आहेत. परंतु विचारणारा गृहस्थ निरपराध माणसाविषयी बोलतच नसतो. त्याचे म्हणणे एवढेच असते की, गुन्हा घडला आहे, तो याच इसमाने केला आहे आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्या अंगणात अजून रडे थांबलेले नाही. अशा वेळी तुम्ही कुणाची बाजू घेऊन उभे आहात? म्हणून या लेखापुरते ते तिन्ही मुद्दे आम्ही बाजूस ठेवतो आणि ज्याच्या अपराधाविषयी तिळमात्र शंका नव्हती अशा एका माणसाचीच हकीकत हाती घेतो.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात डॅरेल मीस नावाचा इसम होता. व्हिएतनामच्या युद्धात तो लढून आलेला. पुढे मादक द्रव्यांच्या धंद्यात पडला. त्या धंद्यातील ज्या माणसाशी त्याचे वितुष्ट आले होते, त्याला त्याने १९८८ सालच्या मे महिन्यात दबा धरून गोळ्या घातल्या. एवढ्यावर तो थांबला नाही. त्या माणसाची पत्नी आणि एकोणीस वर्षांचा अपंग नातू बरोबर होते. त्यांनाही त्याने ठार केले. त्या मुलाला स्वतःच्या पायांनी पळून जाणे शक्यच नव्हते. पकडला गेल्यावर मीसने कबुली दिली. १९९० साली ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि देहान्ताची शिक्षा झाली. अपिले झाली, ती फेटाळली गेली. विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारण्याची तारीख मुक्रर झाली, २७ जानेवारी १९९९.

नेमके त्याच दिवशी परमगुरू जॉन पॉल दुसरे मिसुरीतील सेंट लुईस शहरात असणार होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तारीख पुढे ढकलून १० फेब्रुवारी केली. कारण कुणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती. पाहुणा घरी असताना भांडण काढू नये, असा रिवाज आपल्याकडेही आहे. पाहुणा गेल्यावर ते पुढे चालू करता येते!

२७ तारखेच्या भव्य मिस्सामध्ये पोपमहोदयांनी देहदंड क्रूर आहे आणि अनावश्यकही आहे असे सांगून तो बंद करण्याचे आवाहन केले. त्याच संध्याकाळी शहराच्या कॅथेड्रलमध्ये सांजप्रार्थना झाली. ती आटोपल्यावर वयोवृद्ध, थकलेले परमगुरू चालत राज्यपाल मेल कार्नाहान यांच्यापाशी गेले आणि त्यांनी या एका माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी दयेची याचना केली. कार्नाहान कॅथलिक नव्हते, बाप्टिस्ट होते. देहदंडाचे ते समर्थक होते आणि पुढच्या वर्षीची सिनेटची निवडणूक त्यांच्यासमोर होती. दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, त्यांनी मीसची शिक्षा बदलून पॅरोलविना आजन्म कारावासाची केली. देहदंडाविषयीचे आपले मत बदललेले नाही, पोपमहोदयांच्या व्यक्तिगत विनंतीचा मान म्हणून आपण हे करीत आहोत, असे त्यांनी स्पष्ट केले.

आम्ही त्या वेळी सेमिनरीत ईशज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होतो. बातमी आली तेव्हा भोजनगृहात टाळ्या पडल्या. आमच्या एका सहाध्यायाने मात्र ताटावरची मान न उचलता विचारले, "आणि याच्या शेजारच्या कोठडीत कोण आहे?"

त्याचे उत्तर लवकरच मिळाले. महिना पुरा होण्याच्या आत, २४ फेब्रुवारीला, त्याच राज्यात दुसऱ्या एका कैद्याला इंजेक्शन देण्यात आले. १० मार्चला आणखी एकाला. तो तर आपण निर्दोष आहोत असे अखेरपर्यंत सांगत होता. १९९९ या एका वर्षात मिसुरीने नऊ जणांना देहदंड दिला. म्हणजे तिघांचा खून करून कबुली देणारा जगला, कारण त्याची तारीख पाहुण्याच्या तारखेवर पडली. आणि ज्यांच्या तारखा भलत्या आठवड्यात पडल्या ते गेले. याला न्याय म्हणायचे का? आणि न्याय नसेल तर याला दया तरी म्हणायची का?

येथे कुणी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला देईल. मळ्याच्या धन्याने उशिरा आलेल्यालाही पूर्ण मजुरी दिली, त्यात आधी आलेल्यांचे काय गेले? हा दाखला येथे लागू पडत नाही असे आम्हांस वाटते. आधी आलेल्या मजुरांना त्यांची ठरलेली नाणी तरी मिळाली होती. येथे एका बाजूला तीन माणसे मातीखाली आहेत आणि त्यांच्या वतीने कुणाशीच काही ठरलेले नाही.

आक्षेप सर्वांत कठोर शब्दांत मांडला तो जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने, १७९७ साली. सेमिनरीत आम्हांला त्याचे जे विवेचन अभ्यासावे लागले त्यातील एक कल्पना मनातून जात नाही. एका बेटावरील सगळा समाज आपण होऊन विसर्जित व्हायचे ठरवतो, माणसे जगभर पांगणार असतात. तरीही जाण्यापूर्वी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला मृत्युदंड दिलाच पाहिजे, असे कांट म्हणतो. उद्या त्या बेटावर कुणी राहणारच नाही, तेव्हा धाक कुणाला बसवायचा, हा प्रश्न त्याच्या लेखी गैरलागू आहे. ज्याने जे केले त्याचे मोल त्याला मिळाले पाहिजे, एवढेच. याच प्रबंधात तो राजाच्या क्षमेच्या अधिकाराविषयी बोलतो, आणि ते आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. खुद्द राजाविरुद्ध झालेला अपराध राजाने माफ करावा. परंतु एका प्रजाजनाने दुसऱ्यावर केलेला अपराध माफ करण्याचा राजाला अधिकार नाही, कारण तसे करणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

चर्चच्या दारात थांबलेल्या त्या गृहस्थाने कांट वाचलेला नसेल, पण त्याचे म्हणणे हेच आहे. आणि या बाबतीत आम्ही दोघांशीही सहमत आहोत. क्षमा करण्याचा अधिकार राज्यपालांना नाही, राष्ट्रपतींना नाही, न्यायाधीशांना नाही, अर्जावर सही करणाऱ्या धर्मगुरूला तर मुळीच नाही. ज्याची जखम त्याचीच क्षमा. मेलेला माणूस बोलू शकत नाही. त्याच्या मागे राहिलेले बोलू शकतात, तेही स्वतःच्या दुःखापुरतेच. बाहेरच्या कुणी त्यांच्या वतीने उदार होणे ही एक प्रकारची चोरी आहे.

मग दयेच्या अर्जात आपण मागतो तरी काय?

या प्रश्नाचा शोध घेताना आम्हांला सोळाशे वर्षांपूर्वीच्या काही पत्रांपाशी जावे लागले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे बिशप संत ऑगस्टीन यांच्या काळी तेथील ख्रिस्तसभेत मोठी फूट पडली होती. डोनेटिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथातील काही दांडग्यांनी रेस्टिट्यूटस नावाच्या कॅथलिक धर्मगुरूचा खून केला. इनोसेंशियस नावाच्या दुसऱ्या धर्मगुरूचा डोळा फोडला, बोट तोडले. आरोपी पकडले गेले आणि त्यांनी कबुली दिली. इ. स. ४१२ च्या सुमाराची ही गोष्ट. शिक्षा व्हायची होती आणि ती काय असणार हे उघड होते. तेव्हा ऑगस्टीन यांनी सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस याला पत्र लिहिले. या माणसांना मारू नका, त्यांचे अवयवही तोडू नका, देवाच्या सेवकांच्या यातनांची भरपाई अशाच यातनांनी होऊ देऊ नका, अशी विनवणी त्यात आहे. त्यांना मोकळे सोडा असे मात्र ते कुठेही म्हणत नाहीत. पुन्हा कुणाला इजा करता येणार नाही असा बंदोबस्त करा, काही उपयोगी कामाला जुंपा, असे सांगतात. पत्राचा सूर व्यवहारी आहे.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मारला गेलेला माणूस ऑगस्टीन यांच्याच घरचा होता. "तुमच्या घरातलं कुणी मारलं गेलं असतं तर?" या प्रश्नाचे एक उत्तर इतक्या जुन्या काळी कागदावर उतरलेले आहे.

पुढे मॅसेडोनियस नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने ऑगस्टीन यांना थोडे त्रासूनच विचारले होते की, तुम्ही बिशप मंडळी गुन्हेगारांसाठी रदबदली करणे हा आपल्या धर्माचाच भाग कसा समजता? अपराध्याला शिक्षा होऊ नये असे म्हणणारा त्या अपराधाचा भागीदारच नव्हे काय? ऑगस्टीन यांनी दिलेले उत्तर दीर्घ आहे. न्यायाधीशाचा कठोरपणा ते नाकारत नाहीत. त्याच्या धाकामुळे सज्जनांना सुखाने राहता येते हे मान्य करतात. पण माणसाला सुधारण्याची जागा हे आयुष्यच आहे, ते संपल्यावर दुसरी जागा नाही, म्हणून आम्ही मध्ये पडतो, असे ते सांगतात. म्हणजे ऑगस्टीन क्षमा मागत नाहीत, काळ मागतात. शिक्षा चालू राहो, तुरुंगाचे दार बंद राहो, परंतु काळ संपवू नका.

मार्सेलिनसचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एका बंडाशी त्याचा संबंध जोडून त्यालाच अटक झाली. ऑगस्टीन आणि इतर बिशप त्याच्यासाठी धावले. एका बिशपना सम्राटाच्या दरबारी रदबदलीसाठी पाठवण्यात आले. ते परत येण्याची वाट न पाहता ४१३ च्या सप्टेंबरमध्ये कार्थेज येथे मार्सेलिनसचा शिरच्छेद झाला. नंतर दरबारातूनच त्याचे नाव निष्कलंक ठरवले गेले. ऑगस्टीन यांनी आपला 'देवाचे नगर' हा ग्रंथ ज्याला अर्पण केला तोच हा मार्सेलिनस, आणि ख्रिस्तसभा त्याला संत मानते. तेथेही काही आठवड्यांचाच प्रश्न होता.

काळ मागण्याच्या या युक्तिवादावर सर्वांत नेमका वार केला तो आपल्याच संत थॉमस अक्विनास यांनी. सडलेला अवयव शरीराच्या हितासाठी वैद्य कापून टाकतो, तसा समाजाला घातक झालेला माणूस समाजाच्या हितासाठी दूर करणे योग्य, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. पण दुष्ट माणसे जगली तर सुधारतील या म्हणण्याला त्यांनी अन्यत्र दिलेले उत्तर त्याहून टोकदार आहे. मरणाची वेळ समोर दिसत असताना माणसाला पश्चात्तापाची संधी मिळतेच. त्या क्षणीही ज्याचे मन द्रवत नाही तो पुढे सुधारेल अशी आशा कशाच्या बळावर धरायची? ठरलेली तारीख ही स्वतःच एक कृपा आहे, असा या म्हणण्याचा रोख. दोराखाली उभ्या राहिलेल्या कैद्यांना भेटणारे धर्मगुरू याला दुजोरा देतील अशी उदाहरणे सांगू शकतात, हे आम्ही नाकारत नाही.

थॉमस यांच्यासारख्या प्रतिभावंताच्या विरुद्ध बोलताना आम्हांसारख्या धर्मग्रामातील धर्मगुरूने दोनदा विचार करावा हे बरे. तो करूनही आम्हांस वाटते की, या युक्तिवादात एका घराचा हिशेब राहून गेला आहे. थॉमस अपराध्याच्या आत्म्याचा विचार करतात आणि समाजाच्या स्वास्थ्याचा विचार करतात. ज्यांचे माणूस मेले त्यांच्या काळाचा विचार ते करीत नाहीत. अपराध्याचे मन एका रात्रीत द्रवू शकेल. कालवरीवर दुसऱ्या क्रुसावरील चोराचे तसे झाले. परंतु आईचे मन तारखेबरहुकूम चालत नाही. तिला सात वर्षे लागतील, वीस लागतील, कदाचित ती वेळ येणारच नाही. फाशीने ही शक्यताच मिटवून टाकली जाते, आणि तिला कुणी विचारलेलेही नसते.

हे केवळ तर्काने आम्ही म्हणत नाही. धन्य राणी मारिया यांची कथा आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. केरळातून मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आलेल्या या धर्मभगिनीने तेथील आदिवासींना सावकारांच्या पाशातून बाहेर काढण्याचे काम केले. ज्यांच्या उत्पन्नावर गदा आली त्यांनी समंदरसिंह नावाच्या तरुणाला भरीस घातले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये त्याने त्यांच्यावर चाकूचे ५० हून अधिक वार केले. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगातील पहिली वर्षे पश्चात्तापात गेली असे समजण्याचे कारण नाही. ज्याने आपल्याला भरीस घातले त्याचा सूड कसा उगवावा, याच विचाराने तो धुमसत होता. स्वामी सदानंद या धर्मगुरूंनी त्याच्या भेटी घेण्यास सुरुवात केली, त्याचे मन हळूहळू वळवले. २००२ च्या ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. त्यांच्या आईनेही पुढे त्याची भेट घेतली आणि त्याचे हात हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले. आपल्या मुलीचे रक्त या हातांवर सांडले आहे, अशी त्यामागची त्या माउलीची भावना होती. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला तो हजर होता.

या हकीकतीवर प्रवचने पुष्कळ झाली आहेत आणि त्यांत बहुधा क्षमेचा गौरव असतो. आम्हांला येथे त्यातील सनावळीकडे पाहावेसे वाटते. १९९५ आणि २००२. खून आणि राखी यांमध्ये सात वर्षांहून अधिक काळ गेला. शिक्षा फाशीची झाली असती आणि ती लवकर अंमलात आली असती, तर सूडाने धुमसणाऱ्या एका तरुणाला लटकवले गेले असते आणि ती राखी बांधायला मनगटच उरले नसते. त्यात नुकसान एकट्या त्याचे झाले नसते. त्या आईजवळ जे देण्यासारखे होते ते तिच्याजवळच राहून गेले असते.

येथे एका धोक्याची सूचना देणे भाग आहे, कारण आमच्याच वर्गातील काही उत्साही मंडळी या कथेचा गैरवापर करतात. राणी मारियांच्या आईने क्षमा केली म्हणून प्रत्येक आईने केलीच पाहिजे, असा हुकूम घेऊन कुणी शोकग्रस्त घराच्या दारावर जाऊ नये. चाळीस दिवसांची मिस्सा व्हायच्या आत क्षमेची भाषा ऐकवणारे आम्ही पाहिले आहेत. त्या घराला आपण काळ मिळवून देऊ शकतो. त्या काळाचे काय करायचे हे त्या घराने ठरवावे. अखेरपर्यंत क्षमा न करण्याचा अधिकारही त्या काळातच येतो.

ख्रिस्तसभेने याविषयी कायम एकच भूमिका घेतली असे मात्र कुणी समजू नये. पोपमहोदयांच्या राज्यात रोम येथे बुगात्ती नावाच्या एकाच सरकारी मारेकऱ्याने १७९६ ते १८६४ या काळात ५१६ जणांना देहदंड दिला. व्हॅटिकनच्या १९२९ च्या कायद्यातही परमगुरूंच्या प्राणावर उठणाऱ्यासाठी ही शिक्षा होती. ती कधी अंमलात आली नाही आणि १९६९ साली रद्द झाली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अत्यंत गंभीर प्रसंगी ती मान्य होती. १९९५ च्या परिपत्रकात जॉन पॉल दुसरे यांनी असे प्रसंग आता जवळजवळ उरलेलेच नाहीत असे सांगितले, आणि २०१८ साली परमगुरू फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून ती कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य ठरवली. ज्या संस्थेला स्वतःचे मत बदलायला इतकी शतके लागली, तिच्या मुलांनी एखाद्या कैद्यासाठी काही वर्षे मागताना संकोच करण्याचे कारण नाही!

आता आपल्या देशाकडे वळू. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विरळातील विरळ प्रकरणातच फाशी द्यावी असा दंडक घातला. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही शिक्षा कायम आहे. आपल्याकडे अर्जांना उत्तर मिळायला वर्षे लागतात, तेव्हा काळ तर मिळतोच की, असे कुणी म्हणेल. परंतु दोराखालचा काळ आणि आयुष्याचा काळ यांत अंतर आहे. रोज पहाटे पावलांचा कानोसा घेत काढलेल्या वर्षांत माणूस फक्त वाट पाहतो. आणि ज्यांचे माणूस गेले तेही वाटच पाहत राहतात, एका तारखेवर डोळे लावून. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवाजवी विलंब हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण मानले, त्यामागे हीच जाणीव आहे. लहान मुलांना पळवून त्यांतील काहींना ठार मारणाऱ्या कोल्हापूर प्रकरणातील दोघी बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत रद्द करून जन्मठेप दिली, तीही याच कारणाने. त्या मुलांच्या आयांना या निकालाने काय वाटले असेल, याची कल्पना करण्याचेही धैर्य आम्हांला होत नाही. वर्षानुवर्षे एका तारखेचे आश्वासन देऊन ते विलंबाच्या कारणावरून मागे घेणे, ही त्यांची क्रूर थट्टा होती असे मात्र वाटते. पहिल्याच दिवशी जन्मठेप सांगितली असती, तर त्यांचा काळ तरी त्यांना मिळाला असता.

३० जुलै २०१५ च्या पहाटे सर्वोच्च न्यायालयाचे दरवाजे तीननंतर उघडले गेले, ते याकूब मेमनच्या प्रकरणात. १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे मेली होती. त्यांत आपल्या शेजारपाजारच्या घरांतलीही होती. त्या पहाटे वकिलांनी चौदा दिवस मागितले होते, दयेचा अर्ज फेटाळला जाणे आणि फाशी यांमध्ये नियमाने मिळायचे ते चौदा दिवस. ते मिळाले नाहीत. काही तासांतच नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच्या अपराधाविषयी वाचकांचे मत काहीही असो, दिवस मागणाऱ्यांची तेव्हा जी हेटाळणी झाली ती आम्हांला अनाठायी वाटली.

मिसुरीतील त्या शेजारच्या कोठडीचा प्रश्न अजून उरतोच. आमच्या सहाध्यायाचे म्हणणे खरे होते. मीसला जे मिळाले ते इतरांना मिळाले नाही. मात्र अन्याय कुणावर झाला हे नीट पाहिले पाहिजे. मीस जगल्यामुळे त्या तीन मृतांचे काही हिरावले गेले नाही. तो तुरुंगाबाहेर पडणार नव्हताच. अन्याय झाला तो २४ फेब्रुवारीला नेलेल्या माणसावर आणि त्याच्या मागून गेलेल्यांवर. तो दूर करायचा तर मीसलाही मारून बरोबरी साधायची नसते. अब्राहाम सदोम नगरासाठी परमेश्वराशी घासाघीस करायला उभा राहिला तो पन्नासांपासून सुरुवात करून दहांपर्यंत खाली आला. परमगुरू एकापासून सुरुवात करून गेले. वरचे आकडे बोलायला कुणीतरी राहायला हवे होते. राज्यपालांनी विनंतीला मान दिला तो पाहुण्याचा. त्याच विनंत्या त्याच राज्यातील साध्या धर्मग्रामांतून एरवीही जात होत्या आणि त्यांना उत्तर येत नव्हते. कार्नाहान स्वतः २००० च्या ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात वारले. त्यांनी दिलेल्या त्या एका निर्णयाला त्यांच्या विरोधकांनी दुबळेपणा म्हटले होते. आमच्या मते तो त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विसंगत निर्णय होता, आणि सर्वांत चांगलाही.

राहता राहिला आपल्या दारातला कागद. पुढच्या वेळी तो आमच्या धर्मग्रामात आला, तर त्याचा मजकूर आम्ही आधी वाचून पाहणार आहोत. त्यात क्षमा हा शब्द असेल तर तो काढून टाकण्याची विनंती करणार आहोत, कारण ती मागण्याचा वा देण्याचा अधिकार सही करणाऱ्यांना नाही. त्यात आजन्म कारावासाची मागणी स्पष्ट लिहिलेली असावी. मारल्या गेलेल्यांची नावे कैद्याच्या नावाच्या वर असावीत. ज्या रविवारी तो कागद टेबलावर ठेवला जाईल, त्या रविवारची मिस्सा त्या मृतांसाठी अर्पण केली जाईल, आणि त्यांचे कुटुंब जवळपास राहत असेल तर त्यांना आधी कळवले जाईल. त्यांची हरकत असेल तर कागद चर्चच्या दारात ठेवायचा की नाही, हे पॅरिश कौन्सिलपुढे मांडू. सही करायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थानेही.